फ्रँकी, काठी रोल आणि शोरमा: पोषणाचा हिशेब आणि निवडीची वाट

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथे टेकडीवरच्या ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्यामुळे सर्व धर्मांच्या भाविकांची ये-जा असते, आणि जेथे प्रवासी येतात तेथे उभ्याउभ्या हातात धरून खाता येईल अशा खाण्याला मागणी असतेच. त्यातच परिसरातील अनेक मुले-मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी हिंगणघाट, वर्धा आणि नागपूर येथे जातात, आणि तेथील ठेल्यांवर मिळणारी फ्रँकी, काठी रोल किंवा शोरमा हेच त्यांच्यापैकी कित्येकांचे दुपारचे वा सायंकाळचे जेवण ठरते. त्यामुळे घरोघरी काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात: रोल म्हणजे शेवटी पोळी-भाजीच, मग त्यात वाईट काय? मैद्याऐवजी गव्हाची पोळी मागितली की तो पौष्टिक होतो का? व्हेज रोल चिकन रोलपेक्षा चांगला समजावा का? ठेल्यावरचे खाऊन पोट बिघडले तर दाद कोठे मागावी?

या प्रश्नांचे थोडक्यात उत्तर असे की, रोल हा प्रकार मुळात वाईट नाही. धान्य, प्रथिने आणि भाजी एका घासात आणण्याची ती चांगली सोय आहे. त्याचे पोषण बिघडते ते प्रामुख्याने तव्यावरच्या तेलाने आणि सारणावर ओतल्या जाणाऱ्या सॉसने, आणि या दोन्ही गोष्टी ग्राहकाच्या एका वाक्याने बदलू शकतात. हे वाक्य कोणते, ते केव्हा उच्चारावे आणि कोणत्या वेळी रोल घेणेच टाळावे, याचे मार्गदर्शन पुढे केले आहे.

रोलचे तीन मुख्य प्रकार

प्रत्येक प्रकाराचे आवरण आणि शिजवण्याची रीत वेगळी असल्यामुळे त्यांतील धोकेही वेगळे असतात. म्हणून निवडीपूर्वी एवढी ओळख पुरेशी आहे.

- काठी रोल: कोलकात्यातील निझाम्स या उपाहारगृहाशी जोडला जाणारा हा प्रकार म्हणजे पराठ्यात गुंडाळलेला कबाब होय. पराठा पदर सुटेपर्यंत तेलात भाजला जात असल्याने तेलाचा मोठा वाटा आवरणातच जातो.
- फ्रँकी: अमरजितसिंग टिब यांनी १९६९ मध्ये मुंबईत हा प्रकार विकण्यास सुरुवात केली. मैद्याच्या पातळ रोटीवर अंड्याचा थर, आत सारण, त्यावर कांदा आणि आंबट-तिखट मसाला अशी त्याची मूळ रचना होती. मेयोनीज, चीज आणि शेजवान सॉस यांची भर पुढे पडली.
- शोरमा: पश्चिम आशियातून आलेल्या या प्रकारात उभ्या सळईवर चिकनचे थर रचून ते बाहेरून भाजले जातात, आणि भाजलेला भाग कापून खुबुस नावाच्या रोटीत भरला जातो. यात तेल तुलनेने कमी असले तरी मांस आतपर्यंत शिजले आहे की नाही, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

रोलचे चार घटक कसे तपासावेत

रोल आरोग्यदायी आहे की नाही असा एकच प्रश्न विचारण्यापेक्षा त्याचे चार भाग वेगळे पाहिले, तर कोणता भाग बदलायचा हे लगेच कळते.

१. आवरण. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक सारणीनुसार १०० ग्रॅम मैद्यात सुमारे ३५० कॅलरी आणि जेमतेम पावणेतीन ग्रॅम तंतू असतात, तर तेवढ्याच कणकेत सुमारे ३२० कॅलरी आणि ११ ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. ज्वारीच्या पिठातही तंतूंचे प्रमाण १० ग्रॅमच्या घरात असते. तंतू म्हणजे धान्य व भाज्यांमधील न पचणारा भाग. तो पोट भरल्याची जाणीव टिकवतो, जेवणानंतर रक्तातील साखर झपाट्याने वाढू देत नाही आणि पोट साफ ठेवतो. प्रथिनांच्या बाबतीत मात्र मैदा आणि कणीक यांत फारसा फरक नाही, आणि कॅलरींतील फरकही थोडाच आहे. म्हणून केवळ आवरण बदलल्याने रोल हलका होत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

२. तेल, लोणी आणि बटर. एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, तेलातून ४५ कॅलरी मिळतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शक तत्त्वांत २,००० कॅलरींच्या दैनंदिन आहारासाठी तेल-तुपाचे प्रमाण सुमारे २७ ग्रॅम धरले आहे, म्हणजे साडेपाच चमच्यांहून कमी. ठेल्यावर तव्याच्या मध्यभागी साठवलेल्या तेलात रोटी दोन्ही बाजूंनी फिरवली जाते, तेव्हा दिवसभराच्या या प्रमाणातले निम्म्याहून अधिक तेल एकाच रोलमध्ये जाऊ शकते.

३. सारण. प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. ५५ किलो वजनाच्या व्यक्तीला ती सुमारे ४६ ग्रॅम पडतात. आलूच्या सारणात १०० ग्रॅमला दीड ग्रॅमच्या आसपासच प्रथिने असल्यामुळे मैद्याच्या रोटीत आलू भरलेला रोल म्हणजे पिष्टमय पदार्थात गुंडाळलेला पिष्टमय पदार्थ होतो. याउलट एका अंड्यातून ६ ग्रॅमहून थोडी अधिक, ३० ग्रॅम पनीरमधून साडेपाच ग्रॅमच्या आसपास, आणि २५ ग्रॅम कोरडे हरभरे भिजवून शिजवल्यास सुमारे पावणेपाच ग्रॅम प्रथिने मिळतात. सोयाबीन हे वर्धा जिल्ह्याचे प्रमुख पीक आहे, आणि त्यापासून होणाऱ्या सोयावडीत वजनाच्या जवळपास निम्मी प्रथिने असतात. तरीही रोलच्या सारणात तिचा वापर क्वचितच दिसतो.

४. सॉस आणि मसाला. मेयोनीज हे तेल आणि अंड्याचा बलक, किंवा अंड्याविना दुधाचे घन पदार्थ अथवा सोया, घुसळून केलेले मिश्रण असून त्यातला सर्वांत मोठा भाग बहुधा तेलाचाच असतो. अंड्याच्या पारंपरिक मेयोनीजच्या दोन मोठ्या चमच्यांत सुमारे २०० कॅलरी भरतात. शेजवान आणि सोया सॉसमध्ये तेलापेक्षा मिठाचा प्रश्न मोठा आहे, कारण दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे अशी शिफारस असताना सॉस, चीज आणि चाट मसाला एकत्र आले की त्यातला लक्षणीय वाटा एका बैठकीत संपतो.

एका रोलचा हिशेब

पुढील आकडे अन्नघटक सारणीवरून काढलेले अंदाज आहेत. ठेल्यागणिक प्रमाण बदलते, परंतु तुलनेसाठी ते पुरेसे आहेत.

ठेल्यावरचा आलू-चीज-मेयो रोल

- मैदा ४५ ग्रॅम: सुमारे १६० कॅलरी
- तव्यावरचे तेल ३ चमचे: १३५ कॅलरी
- तळलेली आलूची टिक्की: ११० ते ११५ कॅलरी
- मेयोनीज २ मोठे चमचे: २०० कॅलरी
- चीज व इतर सॉस: ६० ते ६५ कॅलरी
- एकूण: सुमारे ६७० कॅलरी, ९ ग्रॅम प्रथिने, ३ ते ४ ग्रॅम तंतू

घरचा हरभरा-अंडे रोल

- कणीक ४५ ग्रॅम: सुमारे १४५ कॅलरी
- तेल १ चमचा: ४५ कॅलरी
- हरभरे (कोरडे २५ ग्रॅम, भिजवून शिजवलेले): ७० कॅलरी
- एक अंडे: ७० कॅलरी
- पत्ताकोबी, गाजर, कांदा मिळून ७५ ग्रॅम: २० कॅलरी
- दही व जवसाची चटणी: ४० कॅलरी
- एकूण: सुमारे ३९० कॅलरी, १८ ते १९ ग्रॅम प्रथिने, १३ ते १४ ग्रॅम तंतू

दोन्ही रोल आकाराने सारखेच दिसतात. पहिल्यात तेल आणि मेयोनीज यांच्यापासून जवळपास निम्म्या कॅलरी येतात, आणि त्यातील तेलाचे एकूण प्रमाण दिवसभराच्या २७ ग्रॅमची मर्यादा ओलांडते. दुसऱ्यात कॅलरी चाळीस टक्क्यांनी कमी होऊन प्रथिने दुप्पट होतात. पहिल्या रोलमध्ये मैद्याऐवजी कणीक वापरली, तर एकूण कॅलरींत जेमतेम पंधराचा फरक पडतो, हे या हिशेबावरून दिसते. ‘आटा रोल’ अशी पाटी वाचून निश्चिंत होणाऱ्या वाचकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

ठेल्यावर मागणी कशी करावी

रोल समोर तयार होत असल्यामुळे बदल सांगण्याची संधी येथे पॅकबंद खाण्यापेक्षा कितीतरी अधिक असते. वाचकांनी पुढील क्रम पाळावा.

1. रोटी तव्यावर पडण्यापूर्वी ‘तेल एकच चमचा टाका, किंवा कोरडी भाजा’ असे सांगावे. रोटी तेलात पडल्यानंतर सांगून उपयोग होत नाही.
2. मेयोनीज वगळून हिरवी चटणी किंवा दही मागावे. मेयोनीजशिवाय चालणारच नसेल, तर एक छोटा चमचा एवढेच प्रमाण सांगावे.
3. चीज आणि बटर यांपैकी एकच निवडावे, दोन्ही नकोत.
4. आलूऐवजी अंडे, पनीर, हरभरा किंवा चिकन निवडावे. आलूच हवा असेल, तर त्याला अंड्याची जोड द्यावी.
5. कांदा, पत्ताकोबी, गाजर दुप्पट मागावे, मात्र त्या भाज्या झाकून ठेवलेल्या आणि ताज्या चिरलेल्या दिसत असतील तरच.
6. सोबत शीतपेय घेऊ नये. साध्या पाण्याने वा घरच्या ताकाने साखर वाढत नाही. चहाही जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यावा, कारण चहातील टॅनिन धान्य-कडधान्यांतील लोहाचे शोषण कमी करते. याउलट रोलवर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्व ते वाढवते.
7. रोल हे जेवण समजावे, मधल्या वेळचे खाणे नव्हे. म्हणजे त्यानंतर पुन्हा पूर्ण ताट घेतले जाणार नाही.

व्हेज की चिकन, या प्रश्नाचे उत्तर नावावर अवलंबून नाही. तळलेल्या टिक्कीचा व्हेज रोल तव्यावर भाजलेल्या चिकनच्या रोलपेक्षा पोषणात कमी पडू शकतो, आणि शिळ्या चिकनचा रोल कोणत्याही व्हेज रोलपेक्षा अधिक धोकादायक असू शकतो. सामान्यतः अंड्याची साधी फ्रँकी किंवा पनीर भुर्जीचा रोल ही पोषण, किंमत आणि सुरक्षितता या तिन्ही कसोट्यांवर समाधानकारक निवड ठरते, कारण अंडे आणि भुर्जी दोन्ही डोळ्यांसमोर पूर्ण शिजतात.

पोषणाआधी सुरक्षितता: या चुका टाळाव्यात

मे २०२४ मध्ये मुंबईच्या ट्रॉम्बे भागात रस्त्यावरचा चिकन शोरमा खाल्ल्यानंतर एका १९ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. त्यापूर्वी मे २०२२ मध्ये केरळच्या कासारगोड जिल्ह्यात शोरमा खाल्ल्यानंतर एका शाळकरी मुलीने प्राण गमावले आणि अनेकांना विषबाधा झाली, तेव्हा तपासणीत शिगेला हा जिवाणू आढळला होता. कच्च्या अंड्यांच्या मेयोनीजमधून साल्मोनेला जिवाणूचा धोका असल्याने तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये अशा मेयोनीजवर एका वर्षासाठी बंदी घातली. या घटना मुंबईपुरत्या वा केरळपुरत्या समजू नयेत. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास तापणाऱ्या विदर्भात अन्न अधिक वेगाने बिघडते.

याचे शास्त्र सोपे आहे. जिवाणू ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात झपाट्याने वाढतात. त्यामुळे गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली राहावे, मधल्या तापमानात ते दोन तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये आणि कडक उन्हाळ्यात ही मुदत एकच तास समजावी. चिकनच्या सर्वांत जाड भागाचे तापमान ७५ अंशांपर्यंत पोहोचले की ते सुरक्षित मानले जाते.

वाचकांनी पुढील खुणा दिसल्यास रोल घेऊ नये:

- शोरम्याच्या सळईखालील आच बंद असून मांस नुसते टांगलेले आहे, किंवा कापलेला तुकडा आतून गुलाबी व ओलसर दिसतो. कापलेले तुकडे पुन्हा तव्यावर परतून द्यावेत, अशी मागणी अवश्य करावी.
- मेयोनीजची बाटली वा डबा उन्हात उघडा ठेवलेला आहे, किंवा ते ठेल्यावरच कच्च्या अंड्यांपासून केलेले आहे.
- तेल काळपट व चिकट झाले असून त्यावर फेस येतो, किंवा कमी आचेवरही धूर निघतो. वारंवार तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेलाच्या विघटनातून तयार होणारे अपायकारक घटक, वाढत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल खाण्यासाठी वापरण्यास मनाई आहे.
- कबाब, टिक्का किंवा सॉस डोळ्यांत भरेल इतका लालभडक आहे आणि त्याचा रंग बोटांना लागतो. कबाबमधील कृत्रिम रंगांवर कर्नाटकाने २०२४ मध्ये बंदी घातली, ती तपासणीत नमुने सदोष आढळल्यानंतरच. चांगल्या मिरचीचा रंग गडद असतो, पण तो तेलात उतरतो, हाताला चिकटून राहत नाही.
- रोल वर्तमानपत्राच्या कागदात दिला जातो. शाईतील रसायने गरम व तेलकट अन्नात उतरत असल्यामुळे अन्न वर्तमानपत्रात बांधण्यास नियमानेच मनाई आहे. साधा बटर पेपर मागावा, किंवा स्वतःचा डबा पुढे करावा.
- पैसे घेणारा आणि रोल गुंडाळणारा हात एकच आहे, आणि हात धुण्यासाठी पाणी जवळ नाही.

यात्रेच्या किंवा सणाच्या दिवशी गर्दीमुळे माल भराभर संपतो, ही जमेची बाजू असली तरी त्याच घाईत मांस अर्धे कच्चे राहण्याची आणि भाज्या न धुता चिरल्या जाण्याची शक्यताही वाढते. अशा दिवशी शोरम्याऐवजी अंड्याचा किंवा समोर परतलेल्या भाजीचा रोल घेणे शहाणपणाचे ठरते.

घरी करायचा रोल: जिल्ह्यातील पिकांतून

पोषक पण स्वस्त आणि जवळचे अन्न लोकांपर्यंत पोहोचवण्याच्या विचाराला वर्ध्यात मोठी परंपरा आहे. डिसेंबर १९३४ मध्ये महात्मा गांधींच्या पुढाकाराने वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने, जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली, मगनवाडीतून जात्यावरचे न चाळलेले पीठ, हातसडीचा तांदूळ आणि घाणीचे तेल यांचा पुरस्कार केला. धान्याचा कोंडा काढून टाकला की त्याबरोबर पोषणही जाते, हा त्यामागचा विचार होता. रोलच्या बाबतीत तोच विचार आज जसाच्या तसा लागू पडतो.

सामग्रीही दूर शोधावी लागत नाही. हरभरा आणि सोयाबीन जिल्ह्यात पिकतात. वायगावची हळद समुद्रपूर तालुक्यातलीच असून तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक मानांकन लाभलेली भिवापुरी मिरची शेजारच्या नागपूर जिल्ह्यातून येते. आणि जवसाची चटणी तर विदर्भाच्या ताटात पूर्वीपासून आहे. जवसात ओमेगा-३ गटातील स्निग्धाम्ले भरपूर असतात, आणि दह्यात कालवलेली ही चटणी मेयोनीजची जागा चवीनेही भरून काढते.

चार रोलसाठी प्रमाण

- न चाळलेली कणीक १८० ग्रॅम
- हरभरे १०० ग्रॅम, रात्रभर भिजवून शिजवलेले
- अंडी ४, किंवा पनीर १२० ग्रॅम
- पत्ताकोबी, गाजर, कांदा मिळून ३०० ग्रॅम
- घट्ट दही १४० ग्रॅम, भाजून कुटलेले जवस ४ लहान चमचे
- लसूण, हळद, तिखट, जिरेपूड, सांभार (कोथिंबीर), लिंबू, तेल एकूण ४ चमचे, मीठ बेताचे

कृती

1. कणीक नेहमीपेक्षा किंचित सैल मळून अर्धा तास झाकून ठेवावी. मैद्याची रोटी ताणली जाते तशी कणकेची जात नाही, म्हणून ही विश्रांती वगळू नये. ती वगळली की पोळी गुंडाळताना तुटते आणि दोष कणकेला दिला जातो.
2. जवस कोरडे भाजून, लसूण व तिखटासह जाडसर कुटावे आणि दह्यात कालवावे. जवस अख्खे राहिल्यास ते न पचताच बाहेर पडतात, म्हणून कुटणे आवश्यक आहे.
3. दोन चमचे तेलात कांदा परतून हळद, जिरेपूड व शिजलेले हरभरे घालावेत आणि हरभरे पळीने अर्धवट ठेचावेत, म्हणजे सारण रोलमधून घरंगळत नाही. शेवटी पत्ताकोबी व गाजर घालून दोनच मिनिटे मोठ्या आचेवर परतावे.
4. पोळी कोरडी भाजून घ्यावी. नंतर तव्यावर अर्धा चमचा तेल पसरून फेटलेले अंडे ओतावे, ते ओले असतानाच पोळी त्यावर दाबावी आणि अंडे पूर्ण घट्ट झाल्यावर उलटावी. पनीर वापरताना ते किसून सारणात मिसळावे.
5. चटणी पोळीच्या मध्यभागी, काठापासून दोन बोटे आत लावावी. त्यावर सारण, सांभार आणि लिंबू घालून खालचा काठ प्रथम आत दुमडावा आणि मग रोल गुंडाळावा.

डब्यासाठी रोल द्यायचा असल्यास सारण पूर्ण कोरडे करावे, चटणी वेगळ्या डबीत द्यावी आणि पोळी वाफ गेल्यावरच गुंडाळावी, कारण कोंडलेल्या वाफेने ती ओली होते. उन्हाळ्यात सकाळी भरलेला अंड्याचा रोल दुपारपर्यंत ठेवणे योग्य नाही. त्या दिवसांत हरभरा किंवा कोरड्या सोयावडीचे सारण वापरावे. कणकेत एक चतुर्थांश ज्वारीचे पीठ मिसळता येते. त्याहून अधिक मिसळल्यास पोळी गुंडाळताना चिरते.

विशेष काळजी कोणी घ्यावी

- मधुमेह असलेल्यांनी कणकेचे आवरण, अंडे वा पनीर आणि भरपूर भाजी असा एकच रोल घ्यावा. आलूचे सारण आणि गोड सॉस टाळावेत.
- उच्च रक्तदाब असलेल्यांनी शेजवान, सोया सॉस, चीज आणि वरून शिवरलेला चाट मसाला हे चारही वर्ज्य करावेत, आणि चव लिंबू-लसणातून घ्यावी.
- गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांनी बाहेरचा शोरमा आणि कच्च्या अंड्याचे मेयोनीज पूर्णपणे टाळावे, कारण अन्नविषबाधेचा परिणाम त्यांच्यावर अधिक गंभीर होतो.
- वाढत्या वयाच्या मुलांना रोल नाकारण्यापेक्षा घरी करून द्यावा. मनाई केली की खाणे थांबत नाही, ते नजरेआड जाते.

पोट बिघडल्यास आणि फसवणूक झाल्यास

उलट्या-जुलाब सुरू झाल्यास क्षार संजीवनी, म्हणजे ओआरएस, लगेच सुरू करावी. शौचातून रक्त, तीव्र ताप, लघवी कमी होणे किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे, किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार ग्राहकाला पुढील हक्क आहेत:

- नोंदणी पाहण्याचा हक्क. हातगाडीवाल्यासह प्रत्येक अन्नविक्रेत्याला नोंदणी वा परवाना आवश्यक असून त्याचा १४ अंकी क्रमांक असतो. तो दिसत नसल्यास विचारावा.
- तपासणीचा हक्क. कायद्याच्या कलम ४० नुसार विकत घेतलेला पदार्थ ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो; मात्र खरेदीच्या वेळीच तसा हेतू विक्रेत्याला सांगावा लागतो. पदार्थ सदोष आढळल्यास शुल्क परत मिळते.
- तक्रारीचा हक्क. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आणि भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा १८००-११-२१०० आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे लेखी तक्रारही देता येते.
- भरपाईचा हक्क. कलम ६५ नुसार असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास किमान ५ लाख रुपये, गंभीर इजा झाल्यास ३ लाखांपर्यंत आणि इतर इजेसाठी १ लाखापर्यंत भरपाईची तरतूद आहे.
- शाळेजवळचे निर्बंध. २०२० च्या विनियमांनुसार चरबी, मीठ वा साखर अधिक असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. पालकांनी ही बाब शाळा व्यवस्थापन समितीत मांडावी.

तक्रार टिकण्यासाठी तारीख, वेळ, ठेल्याचे ठिकाण, देयक किंवा मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद, उरलेल्या पदार्थाचे छायाचित्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवावी. एकाच ठिकाणी खाल्लेल्या अनेकांना त्रास झाला असेल, तर सर्वांनी मिळून तक्रार द्यावी. त्यामुळे कारण शोधणे सोपे होते.

ठेला चालवणाऱ्यांसाठी

ग्राहकाला पौष्टिक रोल मिळावा, यासाठी विक्रेत्याचे नुकसान व्हावे लागत नाही. निम्मी कणीक व निम्मा मैदा यांची रोटी ताणलीही जाते आणि तंतूही देते. तेल ओतण्याऐवजी कुंचल्याने लावल्यास खर्चच कमी होतो. दही-जवसाची चटणी दररोज ताजी आणि थोडी करून बर्फाच्या पेटीत ठेवता येते. आणि हरभऱ्याचे सारण चीजपेक्षा स्वस्त पडते. उरलेले चिकन दुसऱ्या दिवशी न वापरणे हा मात्र असा नियम आहे की ज्यात तोटा सोसूनही तडजोड करता येणार नाही. नोंदणी क्रमांक ठळक लावणारा आणि समोर हात धुणारा विक्रेता ग्राहकांचा विश्वास कमावतो, आणि ग्राहकांनीही अशा ठेल्याला पसंती देऊन त्या विश्वासाची किंमत चुकती केली पाहिजे.

एकच बदल करायचा असेल तर

सर्व सूचना एकाच वेळी अमलात आणणे अनेकांना कठीण वाटेल. अशा वाचकांनी सुरुवात मेयोनीज बंद करण्यापासून करावी, कारण त्या एका बदलाने वरच्या हिशेबातील २०० कॅलरी आणि कच्च्या अंड्याचा धोका दोन्ही टळतात आणि त्यासाठी एक पैसाही अधिक द्यावा लागत नाही. दुसरा बदल तेलाचा, तिसरा आलूऐवजी अंडे वा हरभरा घेण्याचा; कणकेच्या रोटीचा आग्रह त्यानंतर धरावा. या क्रमाने गेल्यास रोल सोडावा लागत नाही, आणि घरच्या पोळी-भाजीतले पोषण मुलांना त्यांच्या आवडीच्या रूपात मिळू लागते.